तीन देशांतून अर्थशास्त्राचं मास्टर्स: देशांचा क्रम, गणित आणि कागदपत्रं

गोदाकाठ:
बीए अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेज परभणीत, विद्यापीठ नांदेडचं. सीजीपीए ७.६. बारावीला गणित होतं, पुढं संख्याशास्त्राचा एकच पेपर. इरास्मस मुंडस या युरोपीय संघाच्या कार्यक्रमातले अर्थशास्त्राचे संयुक्त मास्टर्स अभ्यासक्रम बघायलोय, एक सत्र एका देशात आणि पुढचं दुसऱ्या देशात असे. आपली तीन वर्षांची पदवी तिकडं धरतात का? गणित नेमकं किती लागतं? आणि तीन देश म्हणजे तीन वेळा मुंबईला व्हिसाच्या चकरा का? इथला एक एजंट दोन लाखांत सगळं करून देतो म्हणतोय.

बालाघाट:
एजंटाला चहा पाजून वाटेला लाव. अर्ज प्रत्येक कॉन्सॉर्टियमच्या (अभ्यासक्रम मिळून चालवणाऱ्या विद्यापीठांच्या गटाच्या) संकेतस्थळावर थेट भरायचा असतो, त्यात मध्यस्थाला करण्यासारखं काही नाही.

पदवीची काळजी नको. युरोपातलं बॅचलरच मुळात तीन वर्षांचं, १८० क्रेडिटचं असतं. आपली तीन वर्षांची बीए तिथं सहसा अडत नाही. अडतं ते विषयांवर. बऱ्याच अभ्यासक्रमांना सूक्ष्म, स्थूल, गणित आणि संख्याशास्त्र यांचे किती तास झाले ते बघायचं असतं, आणि आपल्या मार्कशीटवर नुसतं 'पेपर क्र. ९' असं लिहिलेलं असतं. विद्यापीठाच्या अभ्यासक्रम-पुस्तिकेतली त्या पेपरांची पानं इंग्रजीत काढून सोबत जोड.

इरास्मस मुंडसची शिष्यवृत्ती महिना १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. शिकवणी शुल्क माफ, विमा कॉन्सॉर्टियमकडून. २०२१ आधी प्रवासाचे पैसे वेगळे मिळायचे, आता विमान, व्हिसा, घराचं डिपॉझिट सगळं त्या १,४०० मध्येच. जुने ब्लॉग वाचून हिशेब मांडू नकोस. 'वर्षाला तीनच अभ्यासक्रमांना अर्ज करता येतो' ही अटही २०२० पर्यंतची, आता तशी मर्यादा नाही.

एक नियम मात्र नीट समजून घे. एका प्रकल्पाच्या, म्हणजे एका अभ्यासक्रमाच्या, एकूण शिष्यवृत्त्यांपैकी एका देशाच्या नागरिकांना जास्तीत जास्त १० टक्के मिळतात. भारतातून अर्जांचा ढीग येतो, त्यामुळं तुझी स्पर्धा खरी दिल्ली-कोलकात्याच्या पोरांशी आहे, घाना किंवा ब्राझीलच्या नाही. म्हणून एकाच नामांकित अभ्यासक्रमावर जीव टाकण्यापेक्षा चार-पाच ठिकाणी अर्ज करणं शहाणपणाचं.

बघण्यासारखे: ग्लोडेप (विकासाचं अर्थशास्त्र, चेक प्रजासत्ताकातलं ओलोमोउत, मग फ्रान्समधलं क्लेर्मों-फेराँ, मग इटलीतलं पाविया, चौथ्या सत्रात प्रबंध). क्यूईएम (पक्कं गणिती, पॅरिस १, बार्सिलोनाचं स्वायत्त विद्यापीठ, व्हेनिसचं का फोस्कारी यांच्या भागीदारीतलं). आयएमआरडी (ग्रामीण विकास, समन्वयक बेल्जियमचं गेंट. परभणी कृषी विद्यापीठाच्या बीएस्सी ॲग्रीवाल्यांनी हे आधी बघावं). कायद्याकडं ओढा असेल तर ईएमएलई, एका वर्षाचं, ६० क्रेडिटचं. त्याच्या भागीदारांत गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थाही राहिली आहे.

अर्थात:
गणिताचं मी सांगतो, कारण पहिल्या सत्रात पोरं आपटतात ती इथंच.

आपल्याकडं बीएला मागणी-पुरवठ्याच्या आकृत्या काढून भागतं. तिकडं पहिल्याच आठवड्यात फलन लिहून त्याचं अवकलन करायला लावतात, आणि आकृती आलीच तर पडताळणीपुरती. सगळ्यात आधी बंधनाखालचं महत्तमीकरण हातात बसायला हवं. आपल्याच रानातलं उदाहरण घे.

पाच एकर कोरडवाहू. x एकर कापूस, y एकर सोयाबीन. कापसाचा नफा २०x − x² हजार रुपये, सोयाबीनचा १४y − y² (आकडे सोयीचे, कुणाच्या शेतातले नाहीत). बंधन x + y ≤ ५. लॅग्रांजच्या रीतीनं बंधनाला λ हा गुणक लावून मांडलं की दोन समीकरणं येतात: २० − २x = λ आणि १४ − २y = λ. वजा केली की x − y = ३. बेरीज ५, म्हणजे कापूस ४, सोयाबीन १, λ = १२.

इथवर सगळेच येतात. परीक्षेत विचारतात ते पुढचं: हा १२ म्हणजे काय? शेजारचा एकर ठोक्यानं घ्यायचा तर कितीपर्यंत परवडेल, याचं उत्तर म्हणजे λ. पण सावध. पूर्ण एक एकर वाढवलास तर नफा ७७ वरून ८८.५ होतो, म्हणजे वाढ ११.५ हजार, १२ नाही. जमीन वाढत गेली तसा λ १२ वरून ११ वर उतरतो. १२ हा फक्त पहिल्या गुंठ्याचा, एकरी दरानं धरलेला भाव. 'सीमान्त' आणि 'एकूण' यांची अशी गल्लत झाली की पाचपैकी तीन गुण गेलेच समज.

आता सोयाबीनचा भाव पाडू. १४ च्या जागी ८ घाल. तीच रीत वापरलीस तर y = −०.५ येतो. उणे अर्धा एकर पेरता येत नाही. इथं कुन-टकर अटी लागतात: y = ०, x = ५, λ = १०, आणि सोयाबीनचा पहिला गुंठासुद्धा एकरी ८ हजारांच्या दरानंच देतो, जो १० पेक्षा कमी, म्हणून सोयाबीन शून्यावर ठेवणंच बरोबर. हे जमलं तर ग्राहक, उत्पादक, सामाजिक कल्याण या सगळ्यांत तीच गोष्ट वेगळे कपडे घालून येते.

याखेरीज मॅट्रिक्स (गुणाकार, व्यस्त, रँक), कारण इकॉनॉमेट्रिक्समधली साधी प्रतिगमनरेषासुद्धा मॅट्रिक्समध्येच लिहितात. संभाव्यतेत सशर्त अपेक्षित मूल्य. आणि स्थूलसाठी दोन काळांचा उपभोग-बचत प्रश्न पूर्ण सोडवता येईल एवढं. क्यूईएमला याच्या दुप्पट धर, सिद्धताही लिहाव्या लागतात. ग्लोडेप-आयएमआरडीला एवढ्यावर निभावतं. स्वयम पोर्टलवर हे सगळं फुकट आहे. आर हे सॉफ्टवेअरही फुकट आहे, आत्तापासून हात बसव.

गोदाकाठ:
सर, λ चं ठोक्याचं उदाहरण डोक्यात बसलं. व्हिसाचं कुणी सांगेल का?

मांजराकाठची:
यात सगळ्यात जास्त घोळ होतात, म्हणून जरा सविस्तर.

पहिल्या देशाचा दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा भारतातूनच काढायचा. त्यासाठी मुंबई बहुतेक सुटत नाही. देवगिरीनं रात्री निघून सकाळी पोचायचं असेल तर अपॉइंटमेंट दुपारची घे, गाडी लेट झाली की सकाळची अपॉइंटमेंट हातची जाते. दुसऱ्या-तिसऱ्या देशासाठी परत भारतात यावं लागत नाही. त्याचे दोन मार्ग आहेत.

एक, युरोपीय संघाचा २०१६/८०१ क्रमांकाचा निर्देश. एका सदस्य देशाचा विद्यार्थी निवास परवाना असेल आणि अभ्यासक्रमातच देशांतर ठरलेलं असेल, तर दुसऱ्या सदस्य देशात ३६० दिवसांपर्यंत नवा व्हिसा न काढता शिकता येतं. आधी सूचना द्यावी लागते, ती बहुधा यजमान विद्यापीठ पाठवतं, आणि दुसऱ्या देशाला हरकत घ्यायला ३० दिवस असतात. डेन्मार्क आणि आयर्लंड या निर्देशात नाहीत.

दोन, राहत्या देशातल्या वकिलातीत पुढच्या देशाचा व्हिसा काढणं. म्हणजे चेकमध्ये असताना प्रागमधल्या फ्रेंच वकिलातीत अर्ज.

पहिला मार्ग कागदावर सोपा आहे, पण तो पहिल्या देशाचा परवाना *वैध* आणि *हातात* असण्यावर उभा आहे. घसरतात ते इथं. चेकचा परवाना फेब्रुवारीअखेर संपत असेल आणि फ्रान्सचं सत्र जूनपर्यंत असेल, तर मधल्या काळासाठी परवाना उरत नाही. मुदत आधीच वाढवून घे नाहीतर दुसऱ्या मार्गानं जा.

आता क्रम. सुरुवात इटलीत असेल तर उतरल्यापासून आठ कामकाजाच्या दिवसांत पोस्टातून निवास परवान्याचा अर्ज टाकावा लागतो. पोस्टात विद्यार्थ्यांसाठी पाकिटातला अर्जसंच फुकट मिळतो, त्यावर १६ युरोंचं मुद्रांक तिकीट, बाकी फी धरून सत्राभराच्या परवान्याला सव्वाशे युरोंच्या आत खर्च. पण कार्ड यायला महिने लागतात आणि तोवर हातात फक्त पावती असते. ती पावती इटलीत राहायला चालते, शेंगेनमधून (आपसात सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांतून) दुसऱ्या देशात जायला चालत नाही. म्हणजे पाच महिन्यांनी पुढच्या देशात जायचं ठरलेलं आणि कार्ड अजून पोलिस मुख्यालयात.

फ्रान्समध्ये उलटं. तिथला दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा पोचल्यावर तीन महिन्यांत ऑनलाइन नोंदवला की तोच वर्षभराचा निवास परवाना होतो, वेगळ्या कार्डाची वाट बघावी लागत नाही. चेकमध्ये भारतातूनच निवास परवाना मंजूर करून गेलास तर पोचल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत गृहमंत्रालयाच्या कार्यालयात हजेरी लावून बोटांचे ठसे द्यायचे, कार्ड नंतर. जर्मनीत पत्त्याची नोंदणी दोन आठवड्यांत, आणि तीसुद्धा घरमालकाच्या सहीचा कागद असेल तरच. तो कागद नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर बँक खातं आणि परवाना दोन्ही अडतात. हॉस्टेलवाले देतात, चार आठवड्यांच्या तात्पुरत्या खोल्यांचे मालक बऱ्याचदा देत नाहीत.

क्रम निवडता येत असेल, जसा काही अभ्यासक्रमांत ट्रॅक निवडून येतो, तर इटली शेवटी ठेवा हे माझं स्पष्ट मत. शहराचे फोटो बघून ट्रॅक निवडणाऱ्यांना हे जानेवारीत कळतं.

अर्थात:
ताई, इटली शेवटी ठेवली तर तिथल्या तोंडी परीक्षा शेवटी येतात, प्रबंधाच्या तोंडावर. ते वाईटच.

मांजराकाठची:
तोंडी परीक्षेला पुढची तारीख मिळते, परवान्याला मिळत नाही.

बालाघाट:
😀

जर्मनीबद्दल भर: भारतीयांना जर्मन विद्यार्थी व्हिसासाठी १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र (आपल्या शैक्षणिक कागदांची पडताळणी झाल्याचं) सक्तीचं झालं. फी १८,००० रुपये. स्वखर्चानं जाणाऱ्याला वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीकच रक्कम निघते) दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. कुणाला या अटींतून सूट आहे ते एपीएसच्या आणि वकिलातीच्या पानावर लिहिलेलं असतं, शिष्यवृत्तीवाल्यांनी फी भरण्याआधी ते वाचावं.

निजामकालीन:
सगळे युरोपात पोचले. परभणीतच काय अडतं ते मी सांगतो.

नाव. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आणि कुठंतरी आईचंही. पासपोर्टवर पहिल्या रकान्यात आडनाव, दुसऱ्यात स्वतःचं आणि वडिलांचं. अर्जाच्या पोर्टलवर तिसरीच तऱ्हा. नियम एकच: सगळीकडं पासपोर्टप्रमाणं, अक्षरशः. ज्ञानेश्वर असशील तर बघ, दहावीच्या सनदेवर डी-एन-वाय आणि आधारवर जी-वाय असं हमखास सापडतं. असा फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं इंग्रजी प्रतिज्ञापत्र आत्ताच नोटरी करून ठेव. आणि प्रवेशपत्र आलं की स्पेलिंग त्याच दिवशी तपास. व्हिसा खिडकीवर एक अक्षर चुकलं की कॉन्सॉर्टियमकडून नवं पत्र मागवावं लागतं, आणि ऑगस्टमध्ये तिकडं सगळे सुट्टीवर असतात.

पदवी. अर्ज ऑक्टोबर ते जानेवारी-फेब्रुवारीत भरायचे, तेव्हा तुझ्याकडं चार-पाच सत्रांच्या मार्कशीट असतील. तेवढ्यावर अर्ज होतो. पण सप्टेंबरमध्ये प्रवेश पक्का करताना पदवी मागतात आणि आपल्याकडं सनद दीक्षान्त समारंभात. निकाल लागला की वाट न बघता परीक्षा विभागातून तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र आणि ट्रान्सक्रिप्ट काढ. निकालच लांबला तर कुलसचिव किंवा परीक्षा नियंत्रकांच्या सहीचं, निकालाची अपेक्षित तारीख लिहिलेलं पत्र घे. त्यावर जावक क्रमांक आणि गोल शिक्का हवाच. हे पत्र असेल तर बरेच समन्वयक मुदत वाढवून देतात, नुसत्या ईमेलवर देत नाहीत.

अपोस्टिल. मूळ पदवीवर आधी राज्य पातळीवरचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणूनचा शिक्का. हा क्रम उलटा होत नाही. लॅमिनेट केलेल्या सनदेवर शिक्का बसत नाही. आपल्याकडं सनद मिळाली की पहिलं काम लॅमिनेशन करायचं, ते करू नकोस.

जन्मदाखला. फ्रान्सला जाणार असशील तर हा विसरू नकोस. तिथल्या आरोग्य विम्याच्या नोंदणीत आईवडिलांच्या नावांसह जन्मदाखला आणि त्याचं फ्रेंच भाषांतर मागतात. ग्रामपंचायतीच्या जुन्या दाखल्यात बाळाच्या नावाची जागा बहुधा कोरी असते, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली. आधी ग्रामसेवकाकडून नावाची नोंद करून घे, मग नमुना ५ मधला मराठी-इंग्रजी दाखला काढ. यात पंधरा दिवस सहज जातात. चेकच्या व्हिसासाठी पोलिस पडताळणीचा दाखला पासपोर्ट कार्यालयातून, त्याचं चेक भाषेतलं प्रमाणित भाषांतरही.

शिफारसपत्रं. पोर्टल प्राध्यापकांना थेट लिंक पाठवतं आणि संस्थेचा ईमेल मागतं. आपल्याकडं निम्म्या सरांचा जीमेल. कॉलेजच्या डोमेनवर त्यांचं खातं असतं, फक्त पासवर्ड कुणाला आठवत नाही. संगणक विभागात जाऊन ते सुरू करून घे, आणि लिंक आली का ते स्पॅममध्ये बघायला सांग.

गोदाकाठ:
लॅमिनेशनचं वेळेवर सांगितलं. दहावी-बारावी दोन्ही लॅमिनेट आहेत, पदवी तेवढी वाचली 😅 शिष्यवृत्ती नाही मिळाली तर कर्ज? शेती आठ एकर, वडिलांच्या नावावर.

सातबारा:
परदेशी शिक्षणकर्जात साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यावर लागतं. चार लाखांच्या वर परदेशासाठी १५ टक्के रक्कम स्वतःची दाखवावी लागते.

तारण म्हणून शेतीचा सातबारा नेलास तर बँक मान हलवेल. सरफेसी कायद्याच्या कलम ३१ मध्ये शेतजमिनीला हा कायदा लागू नाही असं स्पष्ट आहे. कर्ज थकलं तर बँकेला ती जमीन त्या कायद्यानं विकता येत नाही, म्हणून तिला तारणच नको असते. आठ एकराची बाजारातली किंमत कितीही असो. एनए झालेला प्लॉट, गावठाणातलं घर (नमुना ८ आणि मोजणीचा नकाशा असेल तर), मुदत ठेव, विमा पॉलिसीचं समर्पण मूल्य हे चालतं. गुंठेवारीतला प्लॉट नियमित झालेला नसेल तर तोही परत येतो. विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज केला तरी कागद शेवटी शाखेतच तपासतात.

आणखी एक मेख. बँकेला 'एक विद्यापीठ, एक फी, एक देश' अशी फाइल समजते. तुझ्या पत्रावर तीन विद्यापीठं. समन्वयक विद्यापीठाकडून एका पानाचं पत्र घे: कोणत्या सत्रात कुठं, फी कुणाला आणि कधी, पदवी कोण देणार. सामाजिक न्याय विभागाच्या राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्तीसाठी किंवा सारथीच्या योजनेसाठी अर्ज करणाऱ्यांनीही हेच पत्र जोडावं. त्या योजनांत विद्यापीठाची जागतिक क्रमवारी बघतात, आणि तिघांपैकी कुणाची बघायची हा प्रश्न टेबलावर येतोच. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आणि जात वैधता प्रमाणपत्र जाहिरात निघण्याआधी तयार हवं, नंतर धावपळ करून ते होत नाही.

शिष्यवृत्ती मिळाली तरी पहिला हप्ता तिकडं हजर होऊन खातं उघडल्यावर. घराचं डिपॉझिट, पहिलं भाडं, तिकीट हे आधी खिशातून. दीड-दोन लाख हाताशी ठेव.

अर्थात:
गुणांचं राहिलं. तुझ्या ७.६ चं जर्मन रूपांतर करायचं सूत्र: १ + ३ × (कमाल − तुझे) ÷ (कमाल − उत्तीर्ण). कमाल १०, उत्तीर्ण ४ धरून २.४ ÷ ६ × ३ + १ = २.२. जर्मनीत १ सर्वोत्तम आणि ४ काठावर पास, तेव्हा २.२ चांगलाच. बऱ्याच ठिकाणी २.५ ची अट असते, त्यात बसतोस.

इटलीत ३० पैकी, १८ ला पास, तोंडी परीक्षा भरपूर. मिळालेले गुण नको असतील तर बरेचदा ते नाकारून पुढच्या तारखेला बसता येतं. फ्रान्समध्ये २० पैकी, १० ला पास, आणि १६ म्हणजे फार झालं. फ्रेंच १२ बघून घरच्यांनी तोंड पाडायचं कारण नाही.

गोदाकाठ:
हेतुपत्रात मराठवाड्यातला दुष्काळ लिहावा का? सगळे म्हणतात लिहीच.

बालाघाट:
दुष्काळाचं रडगाणं नको, दुष्काळातला प्रश्न लिही. निवडसमितीपुढं टंचाईच्या कहाण्यांचा खच पडलेला असतो. 'आमच्याकडं शेतकरी संकटात आहेत' यावर त्यांनी काय गुण द्यायचे?

पीकविमा घे. सोयाबीनचं नुकसान तुझ्या शिवारात होतं, पण भरपाई ठरते महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर. मंडळात दहा पीककापणी प्रयोग होतात आणि तुझं गाव त्यात नसू शकतं. विम्याच्या भाषेत ही बेसिस रिस्क. हा प्रश्न तीन ओळींत मांड, मग पहिल्या देशातल्या कोणत्या विषयानं त्याचं कोणतं अंग उलगडेल आणि दुसऱ्यातल्या कोणत्या, हे लिही. देशांचा क्रम आणि तुझा प्रश्न यांची सांगड दिसली की पत्र वरच्या गठ्ठ्यात जातं.

अर्थात:
हाच प्रबंधाचा विषयही होऊ शकतो. खरीप २०२३ पासून महाराष्ट्रात शेतकऱ्याचा हप्ता एक रुपया झाला, २०२५ च्या खरिपापासून तो परत खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकांना ५ असा झाला. सगळ्या राज्यात एकदम लागू, म्हणून राज्याच्या आत तुलनेला कुणी उरत नाही. पण सीमेपलीकडं उरतं. उदगीर, देवणी, निलंगा एका बाजूला, बीदर जिल्ह्यातले औराद, भालकी दुसऱ्या बाजूला. तीच काळी जमीन, तेच सोयाबीन-तूर, कर्नाटकात हप्ता २ टक्केच राहिला. २०२३ आधी आणि नंतर दोन्हीकडच्या सहभागातला फरक, आणि त्या फरकांतला फरक.

निजामकालीन:
उलट बाजूही घ्या. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हे सगळं एकाच हैदराबाद राज्यात होतं, त्यामुळं जमीनमहसुलाची जुनी घडी सारखी, हे तुमच्या बाजूनं. पण सीमा भाषेवर आखली गेली. चिठ्ठ्या टाकून नाही. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारेल. २०२३ आधीची काही वर्षं दोन्हीकडचे कल समांतर होते हे दाखवल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

अर्थात:
मान्य. आणि बिलोली-धर्माबादवाल्यांनी तेलंगणाची सीमा वापरू नये. तेलंगण २०२० मध्ये पंतप्रधान पीकविम्यातून बाहेर पडलं, त्याआधी २०१८ पासून तिथल्या रयतू बंधू योजनेत शेतकऱ्यांना एकरी पैसे सुरू झालेले. दोन गोष्टी एकात मिसळतात.

आणखी दोन खड्डे. सरकारी आकडे *अर्जांचे* असतात, शेतकऱ्यांचे नाही. एका शेतकऱ्याचे पिकागणिक, गटागणिक अनेक अर्ज. एक रुपयात बोगस अर्जही फुगले, आणि योजना गुंडाळताना सरकारनं तेच कारण पुढं केलं. म्हणून अर्जांऐवजी विमा उतरवलेलं क्षेत्र आणि पेरणी क्षेत्र यांचं गुणोत्तर बघ. ते १०० टक्क्यांच्या वर गेलेली मंडळं वेगळी काढून एकदा गणित परत कर.

दुसरा खड्डा, प्रमाण त्रुटी, म्हणजे काढलेला अंदाज किती हलू शकतो याचं माप. पावसाचा परिणाम वगैरे काढताना मराठवाड्याच्या ८ जिल्ह्यांवर क्लस्टर करतात, म्हणजे एका जिल्ह्यातल्या नोंदी एकमेकींशी बांधलेल्या धरतात. आठ क्लस्टर फार कमी, त्रुटी खऱ्यापेक्षा लहान दिसते आणि नसलेला परिणाम ठळक होतो. ७६ तालुके आहेत, त्यांवर कर. सीमेच्या अभ्यासात तर मोजकेच तालुके हातात येतात, तिथं वाइल्ड बूटस्ट्रॅप (क्लस्टर थोडे असतानाची रीत) वापर आणि तसं लिही.

मांजराकाठची:
हा विषय पक्का होत असेल तर मार्गदर्शक तिसऱ्या सत्राच्या देशात शोधू नका, दुसऱ्यातच बोलून ठेवा. बऱ्याच कॉन्सॉर्टियममध्ये दोन विद्यापीठांचे दोन मार्गदर्शक लागतात आणि ऑक्टोबरपर्यंत शेतीवाल्या प्राध्यापकांच्या जागा भरून जातात. शेतकऱ्यांच्या मुलाखती घेणार असाल तर नैतिक परवानगीचा फॉर्म आधी मंजूर व्हावा लागतो. त्याशिवाय घेतलेली माहिती प्रबंधात वापरता येत नाही. संमतिपत्र मराठीत करा, भालकीच्या बाजूला कन्नडमध्येही, आणि दोन्हींचं इंग्रजी भाषांतर फॉर्मला जोडा.

गोदाकाठ:
ग्लोडेप, आयएमआरडी आणि आणखी दोन ठिकाणी अर्ज भरतो. निलंग्यात मामा आहेत, मंडळनिहाय पेरणी क्षेत्र कृषी सहायकाकडून मिळतं का विचारतो.

सातबारा:
कृषी सहायकाकडं गावाचं मिळेल. मंडळाचं तालुका कृषी अधिकारी कार्यालयात माग, लेखी अर्ज देऊन पोच घे. तोंडी मागितलेला आकडा तिथं बसून वहीत उतरवून घ्यावा लागतो, आणि तो प्रबंधात संदर्भ म्हणून चालत नाही.